अ‍ॅप स्टोअरवर टाकण्याआधी खर्चाचा हिशेब

गूगल प्लेवर डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. अ‍ॅपलला मात्र दरवर्षी ९९ डॉलर लागतात, आणि केवळ अ‍ॅप फुकट आहे म्हणून सूट मिळत नाही. नूतनीकरण चुकलं की अ‍ॅप स्टोअरवरून दिसेनासं होतं. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच आहे त्यांचं चालू राहतं, पण तुम्हाला नवं अपडेट देता येत नाही. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावूनच ठेवा.

गूगलचे पैसे कमी, पण वेळ जास्त जातो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (फक्त निवडक लोकांनी अ‍ॅप वापरून पाहणं) करून घ्यावं लागतं. घोळ इथेच होतो: मध्येच कुणी बाहेर पडलं आणि संख्या १२च्या खाली गेली, तर अट पूर्ण होत नाही. पंधरा-सोळा जण घ्या. खातं उघडताना ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः तसंच लिहा. पडताळणी फसली तर २५ डॉलर परत मिळतीलच असं नाही.

संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर डन्स क्रमांक (D-U-N-S, म्हणजे डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनी देते तो संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो. तो मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.