डोळा लाल आहे, पण दुखत नाही

ऑप्टोमेट्रीच्या इंटर्नशिपसाठी ठाणे-बेलापूर पट्ट्यात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, संवेदना तपासायची ती डोळा बधिर करणारे ड्रॉप्स घालायच्या आधी. ड्रॉप्स पडले की ती तपासणी हातची गेली. आणि ओपीडीत गर्दी झाली की नेमकी हीच तपासणी गाळली जाते.

रबाळे-महापे एमआयडीसीतले कामगार ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला म्हणून येतात. डोळा उघडवत नाही, पाण्याची धार लागलेली. त्यांचं दुखणं पाहून घाबरू नका. नसा शाबूत असल्याची ती खूण आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या कॉर्नियात पाचव्या क्रॅनियल नर्व्हच्या (चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस) पहिल्या शाखेचे तंतू दाटीने पसरलेले असतात. कडेपासून साधारण मिलिमीटरभर आत येताच ते मायलिनचं (नसांवरचा चरबीयुक्त थर) आवरण सोडतात, त्यामुळे पारदर्शकतेला बाधा येत नाही. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण पापणी लवते, अश्रू येतात ते याच तंतूंच्या इशाऱ्यावर, आणि त्यांच्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांवरच वरचा पेशीथर निरोगी राहतो, जखम भरते.

म्हणून मला खरी धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या डोळ्याची. कोपरखैरण्याच्या एक काकू आल्या होत्या, मधुमेह बराच जुना. "लाल झालाय, धूसर दिसतं, पण दुखत नाही हो." कापसाची वात कॉर्नियाला टेकवली, पापणी हललीसुद्धा नाही. मग फ्लुरोसीन, म्हणजे जखम दाखवणारा रंग, लावून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर मधोमध लंबगोल हिरवी जखम. न्यूरोट्रॉफिक केराटायटिस, म्हणजे नसा निकामी झाल्याने कॉर्नियाला होणारी इजा. त्यांना तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यात नागीण किंवा हर्पीस होऊन गेलेल्यांतही हे दिसतं. लासिकमध्येही (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) नसा कापल्या जातात, पुढे काही महिने डोळे कोरडे वाटतात, म्हणून ऑपरेशनची चौकशी कराच.

कापूस पिळून टोक अगदी बारीक करा. पेशंटला समोर पाहायला सांगा, हात बाजूने आणा; समोरून आणलात तर नुसत्या दिसण्यानेच पापणी मिटेल. पापणीच्या केसांना स्पर्श नको. आधी चांगला डोळा, मग दुसरा, आणि विचारा, "दोन्हीकडे सारखंच जाणवलं का?" नोंद केसपेपरवर लगेच करा.

कण काढल्यावर कामगार हमखास म्हणतो, "मॅडम, ते बधिर करायचे ड्रॉप्स घरी द्या ना." कितीही गयावया केली तरी द्यायचे नाहीत. वारंवार घातले तर जखम भरत नाही, कॉर्निया विरघळूही शकतो. हे त्याला दोन मिनिटं बसवून समजवा, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवा.