जुनं मॅकबुक घेतलंय? मूळचं मॅकओएस असं परत टाका

सेकंडहँड इंटेल (इंटेलची चिप असलेल्या) मॅकबुकवर आधीच्या माणसाने नवीन मॅकओएस, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम, चढवलेलं असतं आणि मशीन रडतखडत चालतं, दुकानात गेलात तर फॉरमॅटचे पैसे घेतात, पण हे घरीच होतं, पेनड्राइव्हसुद्धा लागत नाही.

१. चार्जर लावा, मॅक पूर्ण बंद करा.
२. चालू करताच शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर ही चारही बटणं एकदम दाबून धरा, स्क्रीनवर फिरता पृथ्वीगोल दिसेपर्यंत सोडू नका. मग वायफाय जोडा, डाउनलोडला वेळ लागतो, घाई करू नका.
३. उघडलेल्या यादीतून डिस्क युटिलिटीत जाऊन आतली डिस्क इरेज करा. हे टाळू नका, नव्यावर जुनं व्हर्जन नुसतं चढत नाही.
४. बाहेर येऊन रीइन्स्टॉल मॅकओएस.

मॅकसोबत आलेलं व्हर्जन मिळतं, ते आता उपलब्ध नसेल तर त्याच्या जवळचं. एम१ आणि पुढच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर ही बटणं चालत नाहीत.

इरेज केल्यावर सगळा डेटा जातो, म्हणून बॅकअप आधी घ्या. आणि विकणाऱ्याकडून त्याचं आयक्लाउड, फाइंड माय (हरवलेला मॅक शोधायची सोय) समोरच साइन आउट करून घ्या, फर्मवेअर पासवर्ड (मॅक नेहमीपेक्षा वेगळ्या मार्गाने सुरू होऊ न देणारं कुलूप) असेल तर तोही काढायला लावा, नाहीतर या बटणांनाही मॅक दाद देणार नाही.