पायमॉल खिडकी न उघडता चालवा

पायमॉल म्हणजे रेणूंची त्रिमितीय चित्रं काढणारा प्रोग्रॅम. शंभर प्रथिनांची चित्रं काढायची असतील तर त्याची खिडकी शंभरदा उघडत बसू नका. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, प्रोग्रॅमच्या नावापुढे ‘डॅश सी’ लिहा, सी लहान लिपीतला. खिडकी येत नाही, दिलेलं काम होतं आणि प्रोग्रॅम आपोआप बंद होतो. पडदाच नसलेल्या दूरच्या सर्व्हरवर तर हे फारच कामाचं. ‘डॅश सीक्यू’ केलंत की सुरुवातीचा मजकूरही छापला जात नाही.

‘डॅश डी’नंतर अवतरणचिन्हांत थेट आज्ञा देता येतात. सरावाला क्रॅम्बिन घ्या: ४६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन, पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातला त्याचा क्रमांक १सीआरएन. आधी फेच आणि तो क्रमांक (रचना उतरवून घ्यायला), मग रे १२००, ९०० (चित्राची रुंदी आणि उंची, पिक्सेलमध्ये), शेवटी पीएनजी आणि फाइलचं नाव (चित्र साठवायला). दोन आज्ञांच्या मध्ये अर्धविराम. इथे रे गाळू नका, कारण खिडकी नसताना चित्र तयार करायचं काम तीच आज्ञा करते. आज्ञा वाढल्या की त्या पायथन फाइलमध्ये ठेवा आणि ती ‘डॅश आर’ने चालवा.

माझा सर्वाधिक जीव मात्र ‘डॅश के’वर आहे. एकदा तीच स्क्रिप्ट घरी काळी पार्श्वभूमी देत होती आणि प्रयोगशाळेत पांढरी. अख्खी दुपार गेल्यावर कळलं, तिथल्या होम फोल्डरमधल्या पायमॉलआरसी फाइलमध्ये, म्हणजे पायमॉल सुरू होताना आपोआप वाचतो त्या फाइलमध्ये, कुणीतरी पांढरा रंग लिहून ठेवला होता. ‘डॅश के’ दिलं की ती फाइल वाचलीच जात नाही. शोधनिबंधासाठीची चित्रं मी आता नेहमी अशीच काढते, आणि पार्श्वभूमीचा रंग स्क्रिप्टमध्येच लिहिते.