टर्बो घ्यावी का मोठं इंजिन?
नुसतं सीसी, म्हणजे इंजिनचा आकार, बघून गाडी घेऊ नका. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ह्युंदाई व्हेन्यूचं ९९८ सीसी टर्बो १२० पीएस देतं अन् होंडा सिटीचं १४९८ सीसी बिनटर्बोचं १२१, म्हणजे ताकद सारखीच, पण टर्बोचा १७२ एनएम टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) १५०० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो, सिटीचा १४५ एनएम मिळायला ४३०० पर्यंत इंजिन पिळावं लागतं. म्हणून टेस्ट ड्राईव्हला चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा अन् बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमधे चढवून बघा, आरपीएम पडला की टर्बो कसा मंदावतो ते तिथंच कळतं. टर्बो घेतली तर ऑइल वेळेवर बदलाच, टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतं. अन् मे महिन्यात घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नका, गाडी उभी करून मिनिटभर आयडलला (इंजिन नुसतं चालू) राहू द्या, म्हणजे तापलेला टर्बो जरा थंड होतो.