कुत्रा मोकळा आणि समोरून घोडा: रंकाळ्यावर फिरायला जाताना काय करावे

संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या चौपाटीवर लहान मुलांना घोड्यावर बसवून फेरी मारून आणतात. त्याच वेळेला घरचा कुत्रा फिरवायला आणणारेही येतात, आणि गर्दी जरा विरळ दिसली की पट्टा काढतात. कुणी “घोडा हाय म्होरं, धरा त्याला” म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, “काही करत नाही हो तो.” माणसाला ते पटेलही. घोड्याला कोण पटवणार? पाठीवर पाच वर्षांचं पोर असलेला घोडा बुजला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पहिली जबाबदारी कुत्रेवाल्याची, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी घोडा कसा बघतो ते समजून घ्या. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोर नाकाजवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. नेमका मागूनच कुत्रा आला की त्याला फक्त पावलांची चाहूल लागते. मग तो एकतर लाथ झाडतो, नाहीतर उधळतो. ३००-४०० किलोच्या जनावराची लाथ कुत्र्याच्या बरगड्या मोडू शकते.

कुत्रा मोकळा सोडण्याआधी

हाक मारल्यावर परत येणं त्याला पक्कं शिकवा. सुरुवात घरात करा, मग अंगणात, मग मोकळ्या मैदानात आठ-दहा मीटरची दोरी बांधून. हाकेचा शब्द एकच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. आला की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा तुकडा द्या. उशिरा आला म्हणून रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो यायलाच कचरेल. आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते: फक्त घरी निघतानाच हाक मारली, तर हाक आली म्हणजे खेळ संपला हे कुत्रा बरोबर ओळखतो. म्हणून फिरताना अधूनमधून बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा.

त्यानंतर घोड्याची ओळख करून द्या. पट्टा बांधूनच, घोडा लांब उभा असताना. कुत्रा घोड्याकडे बघून पुन्हा तुमच्याकडे बघेल, तेव्हा तुकडा द्या. अंतर काही आठवड्यांत हळूहळू कमी करा. हे जमेपर्यंत चौपाटीवर त्याला सोडूच नका, आणि जमलं तरी फेरीचे घोडे चालू असताना पट्टा राहू द्या.

घोडा दिसला की

लांब असतानाच हाक मारा आणि पट्टा लावा. कुत्र्याची शेपटी ताठ झाली, मान खाली गेली, नजर घोड्यावर खिळली की तुमच्याकडे अगदी थोडा वेळ उरतो. एकदा तो धावत सुटला की हाक ऐकूच येत नाही. पट्टा लावून वाटेच्या कडेला, घोड्याला दिसाल असे उभे राहा. झाडाआड किंवा कठड्याआड लपू नका. स्वाराशी साध्या आवाजात बोला, म्हणजे इथे माणूस आहे हे घोड्यालाही कळतं. घोड्याने मान वर करून कान ताठ रोखले, फुरफुरला, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं, तर आणखी मागे सरका.

कुत्रा सुटलाच तर ओरडत मागे पळू नका. मालकही शिकारीत सामील झाला असं त्याला वाटतं. त्याला हाक मारत उलट दिशेने चालू लागा. घोडा थांबला आणि कुत्र्याचा जोर ओसरला, की बाजूने जाऊन पट्टा लावा.

घोड्यावर असाल तर

पुढे कुत्रा दिसला की चाल साध्या पावलांवर आणा आणि लांबूनच आवाज द्या, “कुत्रं धरा हो!” कडेने दौडत निघून जाऊ नका, पळणाऱ्या घोड्यामागे कुत्रा लागतोच. अंगावर आला तर घोडा थांबवा, त्याचं तोंड कुत्र्याकडे वळवा आणि दरडावून “हट्!” म्हणा. समोर उभ्या राहिलेल्या घोड्यापुढे बहुतेक कुत्री थबकतात. भटक्या कुत्र्यांच्या टोळीजवळूनही असंच सावकाश जा.

मुलांना फेरीवर बसवणाऱ्या आईवडिलांनी एवढं पाहावं: रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पायाचा फक्त चवडा असावा, म्हणजे पडल्यास पाय अडकून फरफट होत नाही. कुत्रा जवळ येऊन भुंकू लागला, तर लगाम तोंडाजवळ धरून घोडा थांबवायला सांगा आणि मुलाला खाली उतरवा.

काही झालंच तर

कुत्रा चावला किंवा दात लागून ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या दवाखान्यात जा. हळद, चुना लावू नका. घोड्याला चावा बसला तरी पशुवैद्य हवाच, कारण रेबीज घोड्यालाही होतो. लाथ बसलेला कुत्रा उठून चालू लागला तरी त्यालाही दाखवा. पोटातला रक्तस्राव वरून दिसत नाही. आणि आपल्या जनावराला आवर न घालता माणसाच्या जिवाला धोका होऊ दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम कुत्रेवाल्याला लागू आहे, तसंच घोडेवाल्यालाही.