आत्मकथनं ऐकायची कशी? हातात काम असणाऱ्यांसाठी

‘यशाची दहा सूत्रं’ छापाचं ऑडिओबुक ऐकताना मान भरपूर डोलते, पण भांडी घासून होईस्तोवर सहावं सूत्र काय होतं ते आठवत नाही. त्यापेक्षा हालअपेष्टांतून एखाद्याने वाट कशी काढली, हे ओळीने सांगणारं पुस्तक निवडा. गोष्ट कानात राहते, यादी राहत नाही.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. प्रकरणांऐवजी ४२ ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, म्हणजे पुस्तक मुळात ऐकण्याच्याच घाटाचं. शाळेत वाचलंय म्हणून नाक मुरडू नका. चढत गेलेलं कर्ज आणि दारात येऊन आईला वाट्टेल ते बोलणारा सावकाराचा माणूस, हे स्वतःचे हप्ते चालू असताना ऐकलं की वेगळंच लागतं.

आणि ते फुकट मिळतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखनावरचे हक्क संपतात. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे अनेकांनी केलेली वाचनं यूट्यूबवर उघडपणे आहेत. १९३६ साली गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’लाही हाच नियम. अलीकडची आत्मकथनं मात्र स्टोरीटेलसारख्या ॲपवर पैसे देऊन ऐका. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फायलींच्या नादी लागू नका.

आता आवाज. नमुना पाच मिनिटं ऐकल्याशिवाय पुस्तक सुरू करू नका. हल्ली यंत्राच्या आवाजातली वाचनंही बरीच आलीत. ओळखायची एक युक्ती: ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा लागतो का, ते पाहा. दोन्ही सारखेच आले, तर पुढे तासन्‌तास कानाला खडे लागणार. नाटकी हुंदके देत वाचून दाखवणाराही टाळावा. दुःख लेखकाने सांगितलेलं असतंच, वरून फोडणी कशाला?

पुस्तक घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. साध्या दर्जाच्या, म्हणजे ६४ केबीपीएसच्या फाइलला तासाला साधारण २९ एमबी लागतात, दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत बसतं. कर्जत-लोणावळ्याच्या बोगद्यांत रेंज गेली तरी गोष्ट तुटत नाही.

ऐकायची वेळ अशी हवी की हात गुंतलेले आणि डोकं मोकळं: पोळ्या लाटणं, मेथी निवडणं, इस्त्री. हिशेब करताना किंवा मेल लिहिताना नाही. स्कूटरवर तर दोन्ही कानांत इअरफोन घालून अजिबात नाही. वेग १ वरच ठेवा. माहितीचं पुस्तक दीडपट पळवलं तर फारसं बिघडत नाही, पण आत्मकथनात वाचून दाखवणारा जिथे थांबतो तिथेच बरंच काही असतं. लक्ष उडालं तर ३० सेकंद मागे जायचं बटण दाबा. रात्री ऐकत असाल तर स्लीप टायमर ‘प्रकरण संपेपर्यंत’वर लावा. प्रकरण संपलं की लगेच पुढचं लावू नका. ऐकलेलं घरात कुणाला तरी चार वाक्यांत सांगा. सांगता आलं तर ते डोक्यात उतरलंय.

एखाद्याची कथा आपल्याच जखमेवर बोट ठेवते. छातीत भरून आलं तर बंद करा, पुस्तक पूर्ण करायची शपथ कुणी घातलेली नाही. उदासी दिवसेंदिवस हटतच नसेल तर ऑडिओबुकवर भिस्त ठेवू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

राहिला पैशाचा भाग. ‘पहिला महिना मोफत’ घेताना बहुतेक ठिकाणी यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, लागतो. नुसतं ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जात राहतात. सदस्यत्व ॲपमधून रद्द करा आणि तुमच्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीतूनही ते गेलंय ना, ते बघून घ्या.