काळ्या कथागीतावर प्रतिसाद कसा लिहावा

अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांच्या 305 इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांच्या (बॅलड) संग्रहातील बाराव्या, ‘लॉर्ड रँडल’ या गीतावर लिहिण्यापूर्वी ते मोठ्याने वाचावे; जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला पुनरावृत्तीचे बळ कानांनीच उमगते. आई विचारते, मुलगा उत्तरतो, आणि अंथरूण घालून देण्याची विनवणी कडव्याकडव्याला परतत असताना, प्रेयसीने त्याला जेवणातून विष घातल्याचे आपल्याला आईबरोबरच कळत जाते. कथानक एका वाक्यात आटोपावे. आपला थरकाप नेमका कुठे झाला, हे मात्र सविस्तर लिहावे. माझ्या मते तो त्याचे उरलेले जेवण खाऊन सुजून मेलेल्या शिकारी कुत्र्यांच्या उल्लेखापाशी होतो, कारण तोवर आईला आशा असते. प्रेयसीचा हेतू गीत सांगत नाही. तो आपणही रचू नये.